आकाशातल्या शूरांची यादी कोणी लिहिली?

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात वाचलेल्या किंवा पुढे यूट्यूबवर पाहिलेल्या असतात. लाल रंगाचे विमान, त्यात बसलेला जर्मन उमराव मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन आणि त्याच्या नावावर पाडलेली ८० विमाने. खाली खंदकांत लाखो सैनिक चिखलात मरत होते आणि वर आकाशात मोजके शूर वीर समोरासमोर लढत होते, असे ते चित्र असते. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी तर १९१७ मध्ये पार्लमेंटमध्ये वैमानिकांची तुलना जुन्या काळच्या सरदार-घोडेस्वारांशी केली होती.

या गोष्टी ऐकताना एक गृहीतक आपल्या नकळत मनात शिरते. आकाशात वशिला चालत नाही, जात-वंश चालत नाही, तिथे फक्त गुणवत्ता चालते. जो सरस तो जगला आणि त्याचे नाव यादीत आले. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांच्यात ती कुवतच नव्हती.

मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. कॉलेजच्या प्रवेशापासून न्यायाधीशांच्या नेमणुकांपर्यंत 'मेरिट'च्या नावाने तो आपल्याला रोज ऐकवला जातो. म्हणून ज्या ठिकाणी मेरिट सर्वांत शुद्ध होते असे सांगितले जाते, तीच यादी आपण तपासून पाहू. माझे म्हणणे असे की त्या यादीत नाव येण्याआधी तीन दरवाजे होते. विमानात कोणाला बसू दिले, हा पहिला. पाडलेली विमाने कोणी आणि कशी मोजली, हा दुसरा. आणि युद्ध संपल्यावर कोणाचे नाव ठेवले व कोणाचे पुसले, हा तिसरा.

'एक्का' कसा तयार झाला

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा विमानाचे काम होते टेहळणी. शत्रूचे सैन्य कुठे सरकते आहे, तोफा कुठे लपवल्या आहेत, हे वरून पाहायचे आणि खाली कळवायचे. विमानातून लढायचे तर मशीनगन लागते, आणि पुढे गोळी झाडली तर ती स्वतःच्याच पंख्याला लागते. फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोस याने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पट्ट्या बसवल्या आणि एप्रिल १९१५ मध्ये शत्रूची विमाने पाडली. काही दिवसांतच तो जर्मनांच्या हाती सापडला. त्यानंतर फोकर यांच्या कारखान्याने पंख्याच्या फिरण्याशी गोळीबाराचा मेळ घालणारी यंत्रणा विमानावर बसवली. पाते नळीसमोर आले की गोळी थांबायची. इथून खरे हवाई युद्ध सुरू झाले.

त्याच वर्षी फ्रेंच वृत्तपत्रांनी आदोल्फ पेगू या वैमानिकाला 'आस' म्हटले. आस म्हणजे पत्त्यांतला एक्का. पुढे पाच विमाने पाडणारा तो एक्का, असा संकेत रूढ झाला. खंदकांतल्या युद्धात विजय दिसत नव्हता. काही मैलांसाठी हजारो माणसे जात होती. अशा वेळी सरकारांना आणि वृत्तपत्रांना नाव, चेहरा आणि आकडा असलेला नायक हवा होता. रिश्टहोफेनचे आत्मचरित्र १९१७ मध्ये, तो जिवंत असताना, युद्ध चालू असताना बाजारात आले. जर्मन हवाई दलाच्या प्रसिद्धी विभागाने ते त्याच्याकडून लिहून घेतले होते.

आणि ते 'समोरासमोरचे' युद्ध? ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने आपल्या तुकडीसाठी जे नियम घालून दिले, ते आजही लढाऊ वैमानिकांना माहीत असतात. उंचीचा फायदा घ्या, सूर्य पाठीशी ठेवा, मागून हल्ला करा, अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा. याला दबा धरणे म्हणतात. पाडलेल्या विमानांत मोठा वाटा टेहळणी करणाऱ्या संथ, दोन आसनी विमानांचा होता. बोल्केला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. तो शिक्षकाचा मुलगा होता आणि त्याचे डोके शास्त्रीय होते. पण सरदारी शौर्याची झूल नंतर चढवलेली आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पहिला दरवाजा : विमानात कोण बसणार?

जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान होता 'पूर ल मेरीत'. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थच 'गुणवत्तेसाठी' असा आहे. सुरुवातीला आठ विमाने पाडली की वैमानिकाला तो मिळे, पुढे ती अट सोळावर नेली. मात्र तो फक्त अधिकाऱ्यांना मिळत असे. साध्या शिपायाने किंवा हवालदाराने कितीही विमाने पाडली तरी त्याच्यासाठी वेगळे पदक होते. म्हणजे गुणवत्तेच्या नावाचे पदक, आणि त्याची पहिली अट दर्जा!

ब्रिटनमध्ये अधिकारी म्हणजे साधारणपणे महागड्या खासगी शाळांतून आलेला तरुण. तरीही त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर दोन वेगळी नावे दिसतात. जेम्स मॅककडन हा लष्करातल्या एका सार्जंटचा मुलगा. कोवळ्या वयात तो बिगुल वाजवणारा पोऱ्या म्हणून भरती झाला. १९१३ मध्ये विमानदलात मेकॅनिक झाला, मग मागच्या आसनावरचा निरीक्षक, मग सार्जंट वैमानिक आणि १९१७ च्या सुरुवातीला अधिकारी. त्याच्या नावावर ५७ विमाने आहेत. त्याचे रहस्य त्याच्या हातात होते. स्वतःच्या विमानाचे इंजिन तो स्वतः जुळवायचा. त्यामुळे त्याचे विमान इतरांपेक्षा उंच जायचे आणि उंचावरून उडणाऱ्या जर्मन टेहळणी विमानांना तो गाठायचा. ज्या हातकामाला वरचे वर्ग कमी लेखत, त्याच कामाने त्याला वर नेले.

दुसरा एडवर्ड मॅनॉक. शिपायाचा मुलगा. बाप कुटुंब सोडून गेला. भाजीच्या दुकानात, न्हाव्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून राबला, मग टेलिफोन कंपनीत लागला. विचाराने समाजवादी. त्याच्या नावावर ६१ विमाने सांगितली जातात, त्या आकड्यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण त्याची खरी ओळख तुकडीचा नेता ही होती. नव्या पोरांना तो सांभाळायचा, शिकवायचा. जुलै १९१८ मध्ये अशाच एका नवख्या साथीदाराला पहिले यश मिळवून देताना तो जमिनीवरच्या गोळीबारात मारला गेला.

"बघा, कामगाराची पोरेही वर गेली, म्हणजे दरवाजा उघडाच होता," असे कोणी म्हणेल. तर तो केव्हा उघडला ते पाहा. एप्रिल १९१७ या एका महिन्यात ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमाने गमावली. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिले जात नव्हते. माणसे इतक्या वेगाने मरत होती की वरच्या वर्गातली पोरे पुरेनात. दरवाजा गरजेने उघडला होता. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

युजीन बुलार्ड

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस गावी एका काळ्या कुटुंबात युजीन बुलार्ड जन्मला. वडिलांना ठार मारायला गोऱ्यांचा जमाव घरावर आला होता, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. लहानपणीच तो घरातून पळाला आणि पुढे जहाजात लपून स्कॉटलंडला पोहोचला. बॉक्सिंग करत पॅरिसला गेला. युद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती झाला. १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत तो गंभीर जखमी झाला आणि पायदळात परतण्याजोगा राहिला नाही. तेव्हा तो विमानदलात गेला. मे १९१७ मध्ये त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि ऑगस्टपासून तो आघाडीवर उडू लागला.

त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली होती. फ्रेंच विमानदलात उडणाऱ्या अमेरिकन तरुणांना अमेरिकन लष्कर आपल्याकडे घेऊ लागले. बुलार्डनेही अर्ज केला. वैद्यकीय तपासणी झाली, तो पास झाला. पण बोलावणे आले नाही. अमेरिकन विमानदलात फक्त गोरे वैमानिक चालत होते. हातात परवाना, छातीवर फ्रेंच शौर्यपदक, प्रत्यक्ष आघाडीवर उडण्याचा अनुभव, आणि तरी अपात्र! यापेक्षा स्वच्छ उदाहरण कुठे शोधायचे?

फ्रान्सलाही स्वर्ग समजू नका. एका फ्रेंच अधिकाऱ्याशी झालेल्या भांडणानंतर बुलार्डला विमानदलातून काढले आणि उरलेले युद्ध त्याने पायदळाच्या मागच्या कामांत घालवले. आपण दोन विमाने पाडली असे तो सांगत असे. त्यांची अधिकृत नोंद झाली नाही. एक्का व्हायला पाच लागतात, म्हणून तो यादीत नाही. पण पाच पाडायला आधी आकाशात राहू द्यावे लागते.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९२५ मध्ये अमेरिकन लष्कराच्या वॉर कॉलेजने अहवाल तयार केला की काळ्या माणसांत युद्धाला लागणारी बुद्धी आणि धैर्य कमी असते. बुलार्ड उडून गेल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. पुरावा समोर होता, पण तो मोजायचाच नव्हता. काळ्या वैमानिकांचे लष्करी प्रशिक्षण टस्कीगी येथे सुरू व्हायला १९४१ उजाडले. बुलार्ड म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरच्या इमारतीत लिफ्टमन होता. १९५९ मध्ये फ्रान्सने त्याला आपला मोठा राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षी तो टीव्हीवर आला, तो लिफ्टमनच्या गणवेशात. १९६१ मध्ये तो वारला. अमेरिकन हवाई दलाने त्याला सेकंड लेफ्टनंट केले १९९४ मध्ये, मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.

साम्राज्याचा दरवाजा

आता भारतीयांकडे येऊ. रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. ब्रिटिश विमानदलाने त्याला आधी नाकारले. तो फ्रान्सला जाऊन रुग्णवाहिका चालवू लागला आणि फ्रेंच विमानदलात जाण्याची तयारी केली. तेव्हा त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने विमानदलाच्या प्रमुख जनरलला पत्र लिहिले आणि एप्रिल १९१७ मध्ये त्याला कमिशन मिळाले. पगडीवर बसेल असे शिरस्त्राण घालून तो उडाला, जखमी झाला, वाचला, आणि पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला.

इंद्रलाल रॉय हा कलकत्त्याच्या बॅरिस्टरचा मुलगा, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतला. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने दहा विमाने पाडली. २२ जुलैला तो मारला गेला. वय १९. पहिल्या महायुद्धातला एक्का ठरलेला भारतीय म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हाही याच विमानदलात होता. जून १९१८ मध्ये तो गेला.

या तरुणांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रंगाची भिंत त्यांच्याही आड आली होती. लष्कराच्या लढाऊ तुकड्यांत भारतीयांना पूर्ण दर्जाचे किंग्ज कमिशन मिळाले ते ऑगस्ट १९१७ मध्ये, तेही नऊ जणांना. प्रश्न असा की ती भिंत ओलांडायला त्यांच्याकडे काय होते? इंग्लंडमधले शिक्षण, इंग्रजी, घरचा पैसा, आणि जनरलला पत्र लिहू शकणारा शिक्षक. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात.

त्याच युद्धात सुमारे १४ लाख भारतीय भरती झाले. त्यांतले साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होते : मजूर, खेचरवाले, स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, मेहतर. लष्कराच्या भाषेत यांतल्या अनेकांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून येणारे. युद्धानंतर ब्रिटिशांनी जे युद्धपदक वाटले ते सैनिकांना चांदीचे होते. भारतीय, चिनी, माल्टीज मजूर तुकड्यांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. पदकाच्या धातूतसुद्धा उतरंड!

महारांचे काय? 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने १९ व्या शतकाच्या शेवटी त्यांची लष्करभरती बंद केली होती. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. उत्तर १९१७ मध्ये मिळाले, कारण तेव्हा माणसे कमी पडू लागली होती. १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये मोडीत निघाली. चार वर्षांत महारांचे रक्त लढाऊ झाले आणि पुन्हा बिनलढाऊ झाले का? गरज सरो, वैद्य मरो. बुलार्ड, मॅनॉक आणि १११ वी महार पलटण यांच्यासाठी दरवाजा उघडणारा हात एकाच प्रकारचा होता.

दुसरा दरवाजा : मोजले कोणी?

समजा विमानात बसायला मिळाले. मग मोजणी येते. प्रत्येक देशाची मोजण्याची रीत वेगळी होती. जर्मन आणि फ्रेंच अवशेष किंवा साक्षीदार मागत. ब्रिटिश वैमानिक बहुतेक वेळा जर्मन हद्दीवर लढत, त्यामुळे अवशेष तपासता येत नसत. तेव्हा शत्रूचे विमान 'ताबा सुटून खाली गेले' तरी ते धरले जाई. दोघांनी मिळून एक पाडले तर ब्रिटिश आणि फ्रेंच रीतीत ते दोघांच्याही खात्यावर जाऊ शकत असे, जर्मन रीतीत साधारणपणे एकाच्याच. फ्रान्सच्या रने फाँकचे ७५ मान्य झाले, त्याचा स्वतःचा दावा जवळपास दुप्पट होता. म्हणून ८०, ७५, ६१ हे आकडे शेजारी मांडून कोण मोठा ठरवणे म्हणजे वेगवेगळ्या बोर्डांच्या टक्क्यांची तुलना करण्यासारखे आहे.

आणि मोजले काय? फक्त पाडलेली विमाने. जमैकाचा विल्यम रॉबिन्सन क्लार्क हा काळा तरुण १९१५ मध्ये ब्रिटिश विमानदलात मेकॅनिक म्हणून लागला आणि १९१७ मध्ये वैमानिक झाला. त्याला टेहळणीचे विमान मिळाले. जुलै १९१७ मध्ये शत्रूच्या विमानांनी घेरून त्याला गंभीर जखमी केले, तरी त्याने विमान आणि मागचा साथीदार सुखरूप परत आणले. या कामाला एक्क्यांच्या यादीत शून्य गुण. वास्तविक तोफखान्याला डोळे देणारे, युद्धाचे मूळ काम करणारे हेच लोक होते. विमानाचे इंजिन रात्रभर दुरुस्त करणाऱ्या फिटरचे तर नावही नाही.

तिसरा दरवाजा : पुसले कोणी?

यादीत नाव आले तरी ते टिकेलच असे नाही. विल्हेल्म फ्रांकल हा ज्यू कुटुंबातला जर्मन वैमानिक. १९१६ मध्ये त्याला तोच 'गुणवत्तेसाठी'चा सन्मान मिळाला. पुढे त्याने ख्रिश्चन धर्म स्वीकारला. २० विमाने पाडून एप्रिल १९१७ मध्ये तो जर्मनीसाठी मेला. नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी सन्मानितांच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकले. धर्म बदलला होता, पदक होते, मृत्यू होता. त्यांनी फक्त जन्म पाहिला. दुसरा ज्यू एक्का फ्रिट्झ बेकहार्ट, १७ विमाने. त्याला तर बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले होते. आणि त्या राजवटीत दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कोण होता? हेर्मान गोअरिंग, रिश्टहोफेनच्या तुकडीचा शेवटचा प्रमुख, स्वतः २२ विमानांचा एक्का. ज्यांच्या बरोबरीने उडाला त्यांचीच नावे पुसणाऱ्या राजवटीचा तो आधारस्तंभ होता. आकाशातल्या बंधुभावाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी यावर बोलावे.

या पुसण्याची तयारी युद्ध चालू असतानाच झाली होती. ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्ध मंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी गणती करायचा हुकूम काढला. ज्यू लोक आघाडी टाळतात, असा आरोप तपासायचा होता. गणती झाली, पण आकडे त्या वेळी जाहीर केले नाहीत. आरोप मात्र हवेत राहिला आणि वाढत गेला.

इथे एका माणसाचे काम मला फार मोलाचे वाटते. फेलिक्स थाइलहाबर हा ज्यू डॉक्टर. त्याने ज्यू वैमानिकांची नावे, माहिती गोळा करून पुस्तक केले. १९२४ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. नाझींना तो अडवू शकला नाही. पण सरकारी यादीतून नावे गेली तेव्हा ती नावे दुसरीकडे लिहिलेली होती. पुढे १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाने नॉयबुर्ग येथील आपल्या तळाला फ्रांकलचे नाव दिले. ज्याची नोंद शिल्लक असते त्यालाच न्याय मागता येतो.

मग आपण काय करायचे?

मॅककडन, मॅनॉक, रॉय हे शूर होते. बोल्के हुशार होता. गुणवत्ता नावाची गोष्ट नसतेच, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की यादी ही गुणवत्तेची मोजणी नसते. ती दरवाजातून आत सोडलेल्यांची, एका ठरावीक रीतीने केलेली आणि नंतर सत्तेच्या सोयीने राखलेली नोंद असते. युजीन बुलार्ड त्या यादीत नाही, यावरून बुलार्डबद्दल काहीच कळत नाही. यादी करणाऱ्यांबद्दल सगळे कळते.

म्हणून पुढच्या वेळी कोणी यादी फडकावून "यात तुमचे किती?" असे विचारले, तर गप्प बसू नका. प्रवेशाची अट कोणी ठरवली, मोजायचे काय हे कोणी ठरवले, आणि आधीच्या यादीतली नावे कुठे गेली, हे तीन प्रश्न उलट विचारा.

दुसरे काम थाइलहाबरचे आहे. आपल्या वस्त्यांत आजही अशी घरे आहेत जिथे पणजोबांचे पदक, पेन्शनचा कागद, पलटणीतला फोटो ट्रंकेत पडून आहे. पदक ब्राँझचे आहे का चांदीचे, हे नंतर पाहू. आधी तो कागद बाहेर काढा, मोबाईलवर फोटो घ्या, नाव, गाव, पलटण, साल लिहून ठेवा. आजी-आजोबा सांगतील ते रेकॉर्ड करा. एकेका तालुक्यात चार तरुणांनी मिळून हे काम हाती घेतले तरी वर्षभरात बरीच नावे लिहून होतील. ती आपणच लिहायची आहेत.

जय भीम.